सुईचं नेढं

माझी आई शिंप्याकडच्या शर्टांना हातानं काजं-बटणं करते. डॉक्टर म्हणाले, नजर हळूहळू जाणार. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते. ओवला की लॉटरी लागल्यासारखी हसते, "चला, आजचा दिवस आपला!"

आज मी गुपचूप मोठ्या नेढ्याची सुई ठेवली. तिनं बोटानं चाचपली.

"गाढवा, बटणं लावायचीत की पोतं शिवायचंय?"

बारीक सुईच घेतली. दोरा चुकला. परत चुकला. मग गेला एकदाचा.

"चला, आजचा दिवस आपला!"

आपलाच! उद्याचं कुणी नाव काढलं तर माझ्याशी गाठ आहे. चहा ओतून मी मोठ्या नेढ्याची सुई मात्र जपून ठेवली.