मालूची अदलाबदल

खांब गावाच्या नाक्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या हौसामावशीने गावच्या कबड्डी संघाचा एकही सामना कधी चुकवला नव्हता. म्हणून मॅनेजर हैबतरावांनी चढाईचा हुकमी गडी मालू डोलवीच्या संघाला देऊन बदल्यात पकडीचे दोन गडी आणले, तेव्हा टपरीवर सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता.

"पण पकड भक्कम झाली गो मावशे," चहा पीत बसलेला शिवा म्हणाला.

"मग काय नुसती पकडच करीत बसायची? गुण कोण आणील, तुजा बापूस?"

महिन्याभरात रोह्याच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेमकी डोलवीशीच गाठ पडली. खांब एका गुणाने पुढे होतं आणि शेवटच्या चढाईला मालू आला. दोन्ही नव्या गड्यांनी त्याचा पाय धरला, तशी पहिल्या रांगेतून मावशी जीव खाऊन ओरडली, "सूट रं मालू, सूट! रेघ गाठ!"

सगळं खांब मान वळवून तिच्याकडे बघत राहिलं. मालू काही सुटला नाही.

हैबतराव ढाल घेऊन मुद्दाम तिच्यासमोर आले. "काय मावशी, चुकलो का मी?"

"व्हय, चुकलाव," मावशी जराही न वरमता म्हणाली. "हे दोघं आणायचं आनि मालूलाबी ठेवायचा. मॅनेजर कशाला केलाय तुमाला?"