पिवळ्यावर पिवळं

सपोर्टला बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते फोनवरून आपणहून येतात. आयर्लंडमधल्या नास गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत औषधांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनतं. मी फोन घेते. शेजारच्या डेस्कवर मंदार, माझ्यासारखाच पुण्याचा, कोड लिहितो. जेवताना मी दिवसभराचे फोन ऐकवते आणि सगळे हसतात. हे मात्र मी सहसा कुणाला सांगत नाही.

*

सुरुवात माझ्यापासूनच झाली. ड्रोहेडाच्या एका फार्मासिस्टने हौसेने आपल्या स्क्रीनचे सगळे रंग गुलाबी करून ठेवले होते. मी म्हणतेय लाल बटण दाबा, तो म्हणतोय इथे लाल काहीच नाहीये. चाळीस मिनिटं आम्ही दोघं ते बटण शोधत होतो! फोन ठेवला आणि आमची मॅनेजर फिओना हिला मेल टाकला, की लोकांना रंग बदलूच देऊ नका, सगळीकडे एकच थीम ठेवा.

फिओनाला पटलं. मंदारने दोन दिवसांत रंगांना कुलूप घातलं. आता कॉम्प्युटरवर कुठलेही रंग निवडा, आमचं सॉफ्टवेअर पांढरंच दिसणार. त्या खुशीत मी त्याला केक आणून दिला.

*

अपडेट गेलं आणि पोर्टलीशहून नूलाचा फोन आला. नूला साठीची, स्वतःचं दुकान चालवते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे तिला पांढरा उजेड झोंबतो, म्हणून तिचा स्क्रीन वर्षानुवर्षं काळा आणि त्यावर पिवळी अक्षरं. तुमचं सगळं एकदम पांढरं झालंय, जुनं परत मिळेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही हो, ब्राइटनेस कमी करून बघा.

"ग्रँड," ती म्हणाली.

इथे ग्रँडचा अर्थ 'छान'पासून 'जाऊ दे, तुला सांगून उपयोग नाही'पर्यंत काहीही होतो. मी तिच्या तक्रारीचं तिकीट बंद केलं.

*

आठ दिवसांनी तिचा पुन्हा फोन, प्रिंटरसाठी. बोलता बोलता म्हणाली, हल्ली मी दुकानात गॉगल लावून बसते, गिऱ्हाइकं विचारतात, स्पेनला निघालीस का? हा किस्सा मी जेवताना चांगला रंगवून सांगितला. सगळे हसले. मंदार हसला नाही.

डबा तसाच उघडा टाकून तो जागेवर गेला. आपला स्क्रीन नूलासारखा काळा-पिवळा केला आणि आमचं सॉफ्टवेअर उघडलं. पेशंटच्या नावाखाली अॅलर्जीची एक फिकट पिवळी पट्टी असते. पट्टीचा रंग त्याने लॉक केला होता, आतल्या अक्षरांचा करायचा राहिला होता. त्यामुळे अक्षरं कॉम्प्युटरचा रंग घेत होती. पिवळ्यावर पिवळं. पट्टी कोरी दिसत होती.

"मेधा, तिला आठ दिवसांत एकही वॉर्निंग दिसलेली नाही," तो म्हणाला.

मी लगेच नूलाचा नंबर फिरवला.

*

मंदारचं वर्क परमिट याच कंपनीच्या नावावर, नोकरी गेली तर देश सोडावा लागणार. तरी त्याने फिओनाला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की असे आणखी किती जण असतील. मग ती स्वतःच बाकीच्या दुकानांना फोन लावायला बसली. नूलाचा फोन सतत एंगेज. शेवटी मंदारने गाडीची किल्ली उचलली.

मोटरवेवर तो एकदाच बोलला. "कुणाला काही झालं असेल तर?"

मी पुन्हा नूलाचा नंबर लावून बघितला. रंग बंद करायचा मेल माझा होता.

*

नूला गॉगल लावून काउंटरमागे बसली होती. फोनचा रिसीव्हर नीट ठेवलेला नव्हता, बस. मंदारने सारवासारव न करता सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, या आठवड्यात कुणालाच अॅलर्जी नाही."

तिने दाराला 'बंद'ची पाटी लावली. मंदारने पेनड्राइव्हवरून जुनं व्हर्जन टाकलं, स्क्रीन काळा झाला आणि तिने गॉगल काढला. मग आठ दिवसांची यादी. मी नाव वाचायचं, मंदारने पट्टी उघडायची, नूलाने दिलेलं औषध ताडून बघायचं.

सदतिसावं नाव पॅटचं. पेनिसिलिनची तीव्र अॅलर्जी. आणि काल सकाळी त्याला अॅमॉक्सिसिलिन दिलेलं, म्हणजे पेनिसिलिनचाच भाऊ.

मी तोंडी विचारते सगळ्यांना, तो नाही म्हणाला होता, असं नूला पुटपुटली आणि तिने नंबर फिरवला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग त्याच्या बायकोने उचलला. पॅट घरात दिसत नव्हता. गोळ्या घेतल्या की नाही तिला ठाऊक नव्हतं. बघते, म्हणून ती गेली. स्पीकरवर तिची पावलं ऐकू येत होती, दारं उघडत होती, मिटत होती. मंदारने काउंटरची कड घट्ट धरली होती.

ती परत आली. गोळ्यांची पिशवी त्याच्या कोटाच्या खिशात होती, तोंडाचा स्टेपलसुद्धा निघालेला नव्हता.

ती तशीच परत आण, डॉक्टरांशी मी बोलते, असं सांगून नूलाने फोन ठेवला. मंदारने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. मला वाटलं, सुटलो.

नूलाने स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"पुढचं नाव," ती म्हणाली.