शाळेच्या पोरांना वजा पाच

माझा नवरा खोटं बोलत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, वैतागून सांगतेय. कुणाकडे जेवायला गेलो आणि आमटी बिघडलेली असली, तर त्या घरच्या बाईच्या तोंडावर ‘मीठ कमी आहे’ म्हणणारा हा माणूस. त्यामुळे इथे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या मराठी मंडळींकडून आम्हाला जेवायची बोलावणी जरा बेतानेच येतात. आणि असा हा धर्मराज चार वर्षं बिनबोभाट आकड्यांत लबाडी करत होता. ती मी पकडली.

मनोहर सबनीस त्यांचं नाव. मी त्यांना अहो म्हणते, भांडतानाही अहो-जाहो करूनच भांडते. एका औषधाच्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, २००१ मध्ये रिटायर झाले. पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्या मसाल्याच्या डब्यांवर तारखांची लेबलं लावली. दुसऱ्या महिन्यात पोळ्यांची जाडी बघायला लागले. मी म्हटलं, अहो, माझ्यावर दया करा आणि घराबाहेर पडा.

मग ते जवळच्या युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल ग्राउंडवर जाऊन बसायला लागले. पुण्यात तरुणपणी ते क्लबच्या क्रिकेट मॅचेसचं स्कोअरिंग करायचे, तीच खोड. प्रत्येक बॉल वहीत. एक दिवस शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाने विचारलं, पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोराने, किती बॉल टाकले? यांनी आकडा तर सांगितलाच, वर प्रत्येक बॉल कुठे पडला आणि कितव्या बॉलनंतर त्याचा खांदा खाली यायला लागला तेही सांगितलं. तो गृहस्थ म्हणजे वॉल्ट. एका मोठ्या व्यावसायिक संघासाठी आमच्या भागातली मुलं हेरणारा स्काउट. त्याने यांना आपला मदतनीस करून घेतलं. मानधन म्हणजे पेट्रोलपुरते पैसे आणि संघाची एक निळी कॅप. यांनी ती कॅप आमच्या लग्नातल्या शालीपेक्षा जास्त जपली.

काम असं होतं. दर जूनमध्ये सगळे संघ पाळीपाळीने नव्या मुलांची नावं पुकारतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात दोन प्रकारची मुलं असतात, शाळा संपवून निघालेली अठरा वर्षांची आणि कॉलेजात तीन वर्षं खेळलेली. कॉलेजचा मुलगा म्हणजे पिकत आलेला आंबा, वास घेऊन सांगता येतं. शाळेचा म्हणजे अढीत घातलेली कैरी, पिकेल नाहीतर सडेल. ग्राउंडवर जाऊन बघायचं आणि प्रत्येकाला वीस ते ऐंशीच्या मधला आकडा द्यायचा. पन्नास म्हणजे हा पुढेमागे मोठ्या संघात उभा राहील. पंचेचाळीस म्हणजे यादीत नाव राहील, पण मीटिंगमध्ये त्याच्यासाठी कुणी तोंड उघडणार नाही.

मीही जायचे. बॉलचा वेग मोजायची गन माझ्या हातात, वही यांच्या हातात. एप्रिलच्या थंडीत साडी, त्यावर जॅकेट, त्यावर शाल, पायात स्नीकर्स आणि हातात पोलिसासारखी गन, असं माझं ध्यान. आजूबाजूचे स्काउट मान लांब करून यांच्या वहीत डोकावायचे. तेव्हा यांनी सरळ मराठी आकड्यांत लिहायला सुरुवात केली, शेरेसुद्धा मराठीत. ‘डावखुरा. खांदा मोकळा. चिडका.’ बघा आता किती बघायचंय ते!

२००६ च्या वसंतात आम्हाला रूबेन मातोस दिसला. पर्थ अँबॉयच्या एका शाळेचा डावखुरा पिचर, काडीसारखा बारीक. त्याची टीम दर मॅच हरायची, त्यामुळे तिकडे स्काउट फिरकत नसत. वॉल्टने त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही पावसाने बंद पडलेल्या मॅचमध्ये. त्यानंतर वॉल्टच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रूबेनचा सगळा भार यांच्यावर आला. आम्ही पाच मॅचेस पाहिल्या. पाचव्या मॅचमध्ये तिन्ही बेसवर समोरची माणसं उभी, म्हणजे एक चूक झाली की रन, फील्डिंगमधल्या पोरांनी सोपे बॉल सोडलेले, आणि हा पोरगा शांतपणे बूट झटकून पुढचा बॉल टाकायला उभा राहिला. यांनी वहीत लिहिलं, ‘घाबरत नाही. ५०.’ मी एवढ्या वर्षांत शाळेच्या मुलापुढे तो आकडा पाहिला नव्हता.

तिथेच त्याच्या आईशी माझी ओळख झाली. मिलाग्रोस, हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला. पहिल्या दिवशी तिने मला करंजीच्या आकाराचं काहीतरी दिलं, आत खिमा. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर पुढच्या मॅचला माझ्यासाठी चीजचं वेगळं करून आणलं. मी तिला आल्याचा चहा पाजला. बोलता बोलता कळलं की रूबेनचे मार्क यथातथाच, कुठल्या कॉलेजने त्याला विचारलेलं नाही. ड्राफ्टमध्ये नाव नाही आलं तर मामा ज्या वेअरहाउसमध्ये आहे तिथे तो जूनपासूनच कामाला लागणार. मामाने जागा सांगून ठेवली होती.

त्या वर्षी संघाने कागदी फॉर्म बंद करून कॉम्प्युटरवर आणले. यांना ते जमेना, एका बोटाने टाइप करून चिडायला लागले, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी वहीतून आकडे वाचून टाइप केले. हे मागे उभे राहून तपासत होते. शाळेच्या मुलांपाशी आल्यावर म्हणाले, यांचे सगळ्यांचे पाच कमी कर. मला वाटलं संघाचा नियम असेल. केले कमी. रूबेनच्या पन्नासाचे पंचेचाळीस झाले, आणि मी बटण दाबून फॉर्म पाठवूनही दिला.

भांडी घासताना डोक्यात किडा वळवळायला लागला. हात पुसून परत गेले आणि फॉर्मसोबतच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. पाच कमी करायचं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, अहो, हा नियम कुणाचा?

“माझा,” ते म्हणाले.

आणि मग सगळं बाहेर आलं. चार वर्षं हे शाळेच्या प्रत्येक पोराचे पाच कापत होते. कॉलेजच्या पोरांचे मात्र जसेच्या तसे. का, तर शाळेचा पोरगा निवडला गेला तर कॉलेज सोडेल, चोविसाव्या वर्षी खांदा जाईल, मग ना खेळ ना डिग्री. ते पाप आपल्या माथी नको. पाच कमी केले की कुणी घेणार नाही, मुकाट्याने कॉलेजात जाईल, तीन वर्षांनी बघू. चांगुलपणाने केलं होतं हो! म्हणून तर मला जास्त राग आला.

हे कुठून आलं तेही मला ठाऊक होतं. यांना एकोणिसाव्या वर्षी क्रिकेटपायी इंजिनीअरिंग सोडायचं होतं. वडिलांनी ऐकवलं, आधी डिग्री, मग काय ती थेरं. आणि वडिलांचं बरोबर होतं, कारण हे अकराव्या नंबरवर बॅटिंग करायचे आणि तिथेही टिकायचे नाहीत. तिथेच घोळ झाला. वडील चुकले असते तर हा माणूस शहाणा झाला असता. आमच्या निधीने शाळा संपल्यावर एक वर्ष सुट्टी घेऊन फोटोग्राफी करते म्हटलं, तेव्हा तिला डायनिंग टेबलाशी बसवून यांनी आलेख काढून दाखवले होते. ती तेव्हा ॲन आर्बरला पीएचडी करत होती आणि फोनवर बाबांशी फक्त हवापाण्याबद्दल बोलायची.

मी म्हटलं, “तुम्हाला मुलगा बघायला पाठवलं होतं, जावई म्हणून नाही. तो कॉलेजात जाणार नाहीये. वेअरहाउसमध्ये खोके उचलणार आहे.”

 त्यांना खरंच माहीत नव्हतं. खेळ नाही तर कॉलेज, या दोनच्या पलीकडे तिसरा रस्ता असतो आणि बहुतेक जग त्यावरून चालतं, हे आमच्या सदाशिव पेठी डोक्यात शिरलेलंच नव्हतं. पण माणूस हट्टी. वर्षावर्षाच्या वह्या काढून बसले. आदल्या वर्षांतली पाच कापलेली अकरा शाळकरी मुलं होती. त्यातल्या सातांचं पुढे खेळात काहीच झालं नव्हतं. बघ, म्हणाले, सातांच्या बाबतीत माझंच बरोबर निघालं.

आता माझा तोल गेला. कंपनीत एकदा साहेबांनी यांना गोळ्यांच्या वजनाचे आकडे किंचित ‘बरे’ करायला सांगितले होते. यांनी कागद तसाच परत केला, आणि दोन वर्षं प्रमोशन अडलं. तेव्हा घरी येऊन काय म्हणाले होते ते मी ऐकवलं.

“आकड्याला हात लावायचा नाही, मग कारण कितीही चांगलं असो. हे तुमचंच वाक्य ना?”

त्यांनी वह्या मिटल्या. चहा तसाच गार झाला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. ड्राफ्टला नऊ दिवस उरले होते.

सकाळी त्यांनी स्वतः वॉल्टला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. एका दमात सगळं सांगून टाकलं, रूबेनचं, या वर्षीच्या बाकी पोरांचं आणि आधीच्या अकराही जणांचं. वर म्हणाले, कॅप परत हवी असेल तर आणून देतो.  मग वॉल्टने एवढंच विचारलं, वह्या आहेत ना?

तासाभरात तो काठी टेकत आमच्या दारात. त्याच डायनिंग टेबलाशी बसला. मी मराठी आकडे इंग्लिशमध्ये वाचून दाखवत होते, बॉलमागून बॉल, मॅचमागून मॅच, आणि तो दोन प्लेटी पोहे खात लिहून घेत होता. यांना तो मॅनी म्हणायचा. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाला, “मॅनी, मुलाने काय करायचं ते मुलगा आणि त्याची आई ठरवतील. तुला दिसलं तेवढं तू मला सांग.” यांनी मान डोलावली. अगदी हेच मी आदल्या दिवसापासून ओरडत होते, पण नाही, ते इंग्लिशमधून यावं लागलं. कॅपचा विषय वॉल्टने काढला नाही. मात्र निघताना म्हणाला, दुरुस्ती पाठवतो, पण उशीर झालाय, ऐकतील की नाही सांगता येत नाही.

ते नऊ दिवस यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. मीठ कमी आहे की जास्त, काही बोलले नाहीत.

ड्राफ्टची नावं कॉम्प्युटरवर ऐकू यायची. तीस संघ, एकामागून एक, भाजीचा लिलाव चालल्यासारखी. मी गणपतीपुढे साखर ठेवली होती. दुसरी फेरी गेली, तिसरी गेली, चौथी, पाचवी. हे वही उघडी ठेवून नुसते बसलेले. मला मिलाग्रोसचा चेहरा दिसत होता. सहाव्या फेरीत आमच्या संघाची पाळी आली आणि तो यंत्रासारखा आवाज म्हणाला, मातोस, रूबेन, डावखुरा पिचर, पर्थ अँबॉय, न्यू जर्सी. मी रडले. त्यात लाजायचं काय? यांनी वहीत त्या पानावर ‘सहावी फेरी’ एवढं लिहिलं, आणि वही मिटली.

डिग्रीचं भूत मात्र उतरलं नाही. करारात पुढे कधीतरी कॉलेजची फी संघाने भरायची असं कलम घालता येतं, हे यांनी वॉल्टकडून काढून घेतलं आणि सही व्हायच्या आत पर्थ अँबॉयला जाऊन मिलाग्रोसला समजावलं. तिने ते कलम मागितलं, आणि संघाने घातलंसुद्धा. निधीला मात्र यांनी त्याच आठवड्यात फोन केला. दार बंद करून बोलत होते, तेव्हा काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्या दिवाळीला तिने कॅमेरा घेऊन यांचे वहीसकट फोटो काढले.

२००८ च्या डिसेंबरात रूबेन आमच्याकडे आला. दोन सीझन खालच्या पातळीवर खेळून झाले होते, अंगाने चांगला भरला होता. मोठ्या संघापर्यंत पोचेल का ते अजून कुणालाच माहीत नाही. सुट्टीत काउंटी कॉलेजात एक कोर्स घेणार होता, आणि तो होता स्टॅटिस्टिक्स. हे अशा आनंदात की विचारू नका. त्याने सोबत आणलेलं पुस्तक बाजूला सारलं आणि त्याच्याच बॉलच्या वेगाची सरासरी काढायची गणितं घातली.

मध्येच तो म्हणाला, माझं पान दाखवाल का? यांनी २००६ ची वही काढली. तो त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. मग हा माझा नवरा, मीठ कमी असलं की सांगणारा, त्याच्या तोंडावर म्हणाला, “इथे पन्नास आहे. पण संघाला मी आधी पंचेचाळीस पाठवले होते. तू कॉलेजात जावंस म्हणून पाच कापले होते.”

माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

रूबेनने वहीकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

“पाचच?” तो म्हणाला. “माझ्या आईने दहा कापले असते.”

यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, चल, चौथं गणित सोडव.