खसखशीएवढा शंख

शेजारच्या भिंगबाईंच्या कानाची गोष्ट मी कोणाला सांगणार नव्हतो. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे.

भिंगबाई समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत वाळू निवडतात, घरी तांदूळ निवडावेत तशी. तळाची उपसलेली वाळू ताटलीत पसरायची, भिंगाखाली धरायची आणि तिच्यातले गोगलगायींचे शंख वेगळे काढायचे. शंख कसले, खसखशीचे दाणे. पण काचेसारखे नितळ, वेटोळी अगदी रेखीव. चिमट्यानं फुटतात, म्हणून ब्रशचं टोक ओठांवर ओलं करून टिपायचे. त्याच ब्रशच्या दांडीनं कान कोरायची खोड त्या खोलीत सगळ्यांनाच. एक दिवस बाईंनी चुकून दांडीऐवजी शंख चिकटलेलं टोकच कानात घातलं, आणि शंख आत राहिला.

त्या संध्याकाळी भांडी विसळताना कानात हाक आली, "अगं."

"आले हो," बाई सवयीनं म्हणाल्या, आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं. नवरा खलाशी. बोट गेली, तिची फळीसुद्धा परत आली नाही. दोघांनी कधी एकमेकांचं नाव घेतलं नव्हतं. 'अगं' आणि 'अहो' एवढ्यावर संसार झालेला.

घरात नणंद असते, तोंडाचा पट्टा सदा चालू.

"वहिनी, कोणाशी बोलतेस?"

"तुमच्या दादांशी. अगं म्हणतात."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. होते तेव्हा तरी पुढे कुठे काय बोलायचे?"

कान सुजला. नणंदेनं बाईंना ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. शंख राहिला तर कान कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "ते आत आहेत. बाहेरचं ऐकून काय करू?"

"बाहेरचं म्हणजे मी," असं म्हणून नणंदेनं त्यांचं डोकं घट्ट धरलं. शंख निघाला. कापसात गुंडाळून नणंदेनंच तो फेकायला घेतला. कान बरा झाला, आणि बाईंचं घर एकदम गप्प झालं.

गप्प झालं ते नणंदही गप्प झाली म्हणून. ही गल्लीतली मोठी बातमी. हाक मारली तर ओ उशिरा, मान एका बाजूला कललेली. मी म्हटलं, वय झालं. बायको म्हणाली, तुमचं तोंड मिटा.

मग एकदा शेजघरातून बाईंना ऐकू आलं, "आले रे दादा." त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"वन्सं, फेकला नाहीत तुम्ही."

नणंदेनं कानावर हात ठेवला. "मला डॉक्टरकडे नेशील?"

"नाही नेत. काय म्हणतात?"

"टवळे म्हणतो, पूर्वीसारखंच. आणि सारखं विचारतो, 'अगं' कुठे गेली?"