एक जूनचं कुलूप

बायको गेल्यावर मी पुस्तक लिहिलं. ती असती तर म्हणाली असती, "मी हुते तवर दोन शब्द बोलला न्हाईत, आता पानंच्या पानं कामून?" घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं म्हणून लिहिलं, एवढंच खरं.

छापून घ्यावं तर आमच्या कानडी मुलखातल्या औरादेत मराठी पुस्तक विकत घेणार कोण? मग कॉम्प्युटरच्या दुकानात चार दिवस बसून ई-बुक करून घेतलं. शाळेच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथं म्हणींची स्पर्धा लावली. बक्षिसं तीन, तिघांनाही हेच पुस्तक. मला एकच पाहिजे होतं. तिच्याविषयी कुणीतरी वाचावं.

दुकानदारानं भीती घातली. "फुकट वाटलं की गेलं, सर. उद्या उदगीरात दुसऱ्याच्या नावानं फिरंल." झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. परीक्षेत कॉपी करणारा मी पाठ फिरवूनही ओळखायचो. पानापानावर बक्षीसवाल्याचं नाव फिकट अक्षरांत छापून घेतलं, म्हणजे फाईल फुटली तर चोर सापडावा. वर कुलूप. आमची पेन्शनची स्लिप जन्मतारखेनं उघडते, तसं ज्याच्या त्याच्या जन्मतारखेचे, दिवस-महिन्याचे चार आकडे.

तारीख विचारायला तिघा बक्षीसवाल्यांना फोन लावले. ठाणाकुशनूरचा म्हणाला, "एक जून, सर." दुसरा म्हणाला, एक जून. तिसरी औरादचीच, दुबलगुंडीला दिलेली, तिथं अंगणवाडी चालवते. ती हसली. "कामून विचारायलाव, सर? तुम्हीच तर लावली."

खरं होतं. लेकराला शाळेत घालायला आई यायची. कधी जन्मलं म्हटलं की सांगायची, विहिरीला पाणी लागलं त्या साली. मी वर्ष अंदाजानं धरायचो आणि सगळ्या मास्तरांसारखा पुढं एक जून ठोकून द्यायचो. शाळा उघडताना वय बरोबर बसायचं. अख्ख्या तालुक्याला एकाच दिवशी जन्माला घातलं मी, आणि आता त्याच तारखेचं कुलूप करून बसलो होतो. एकटाच हसलो. सवयीनं स्वयंपाकघराकडं वळून "ऐकलंस का?" म्हणालोसुद्धा.

फाईली पाठवल्या आणि पहारा सुरू केला. रोज सकाळी चहा झाला की फोनवर पुस्तकाचं नाव टाकून बघायचो, कुणी चोरून टाकलंय का. कुठं काही न्हाई. आधी बरं वाटलं. पुढं पुढं राग यायला लागला. चोरावं असंसुद्धा कुणाला वाटू नये? तिघांनी ग्रुपवर हात जोडले होते, त्यापुढं एक अक्षर न्हाई.

दोन-अडीच महिन्यांनी उदगीरच्या एका जुन्या सहकाऱ्यानं फाईल पाठवली. "हे तुमचंच का? उघडलं न्हाई अजून, फोनमध्ये जागा न्हाई." मी उघडलं. पानापानावर दुबलगुंडीवालीचं नाव. चोर सापडला. तावातावानं फोन लावला.

"व्हय सर, मीच पाठवली," ती म्हणाली. "बक्षीस मिळालं की पेढे वाटत्यात न्हाई का? एकटीनं कसं खायाचं? गल्लीत दिली, माहेरी दिली. कुलपाचं सांगायचंबी काम पडलं न्हाई, ज्याची त्याची तारीख तीच."

रागवायला फोन केला होता. तोंडातून निघालं, "वाचली का कुणी?"

"खरं सांगू, सर? समद्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा टाकला. वाचली मी एकटीनं. दोनदा."

एक तर एक, वाचणारं कुणी निघालं होतं.

"एक विचारू, सर? पहिल्या पानावर बाईंच्या फोटोखाली जन्म एक जून लिहिलंय. ते तर तुम्ही लावलेलं आसंल. खरा वाढदिवस कवा? त्या दिवशी अंगणवाडीतल्या लेकरांना शिरा केला आसता."

लग्नानंतर रेशन कार्डाचा फॉर्म मीच भरला होता. बायको समोर भाजी निवडत बसली होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं. न्हाई विचारलं. एक जून लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. पुढं चाळीस वर्षं ती याच घरात होती.

"माहीत न्हाई," मी म्हणालो.

संध्याकाळी दुकानात गेलो. कुलूप काढायला लावलं, पानापानावरची नावं काढायला लावली. "चोरतील की, सर," दुकानदार म्हणाला. चोरू द्या म्हटलं. मग फोटोखालची तारीखही पुसायला सांगितली. त्यानं पुसली आणि विचारलं, "मग इथं काय टाकू?"