बारवेकडची बाजू

लोहाऱ्याच्या पुढं माळावर एक जुनी बारव आहे. तिच्या काठची बाभूळ माणसाचे डोळे घेते, असं आसपास बोललं जाई. गोरोबा त्याच माळावर मेंढरं राखता राखता आंधळे झाले. नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या त्यांच्या लेकीनं, धुरपताबाईनं, पुढं ती मेंढरं सांभाळली.

धुरपताबाई भित्री नव्हती. लांडग्यावर काठी घेऊन धावून गेलेली बाई ती. पण गेल्या वर्षापासून तिला माळावर काहीतरी वावरतंय असं वाटू लागलं. डाव्या हाताला चरणारं मेंढरू बघता बघता नाहीसं व्हायचं. मान वळवली की तिथंच, गवत खात उभं. मोकळ्या माळावर एकाएकी खांद्याशी माणूस उगवायचा. शेजारचा भागवत असाच उगवला, तेव्हा तिनं काठी उगारली. मेंढरं सोडून माणसं हाकायला लागलीस का आत्या, म्हणून तो हसत निघून गेला. ती हसली नाही.

अवसेला तिनं बारवेपाशी दहीभाताचं पान ठेवलं आणि बाभळीकडे बघत हात जोडले. बाचे घेतलेस, माझे ठेव, एवढंच मागणं. मग ती डावीकडे वळली, तर पान रिकामं. पावलाचा आवाज नाही, वारा नाही. तिचा कुत्रा मोत्या तेवढा शेजारी बसलेला. तिच्या अंगावर काटा आला. मागणं पोचलं, असं वाटून बरंही वाटलं.

काही दिवसांनी ती उमरग्याला गेली. मुलगा योगीराज तिथं गॅरेजात कामाला. स्टँडसमोरून दोघं चालले होते आणि तो तिच्या डाव्या अंगाला बोलत होता. चालता चालता योगीराज नाहीसा झाला. आवाज तेवढा येत राहिला. भर उन्हात, ट्रकच्या गर्दीत, नुसता आवाज. धुरपताबाई जागीच थांबली. बारव तर कितीतरी मागं राहिली होती. माणसं गिळणारी ती जागा मात्र तिच्याबरोबर चालत आली होती.

तिथंच तिनं लेकाला सगळं सांगितलं. उमरग्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि काचबिंदूच्या तज्ज्ञांकडे सोलापूरला पाठवलं.

योगीराज तिला घेऊन गेला. तिथल्या शिवांजली मॅडमनी तिचा उजवा डोळा झाकून तिला यंत्रासमोर बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. धुरपताबाई वाट बघत राहिली.

"म्याडम, मशीन चालू करा की."

"मावशी, केव्हाचं चालू आहे."

मग मॅडमनी सावकाश समजावलं. डोळ्यात पाणी तयार होतं, वाहूनही जातं. निचरा अडला की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. बहुतेकांना दुखत नाही. आधी कडा जातात. तिथं अंधार दिसत नाही, आजूबाजूचं गवत, ऊन घेऊन मनच ती जागा भरून काढतं. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. उजवा त्याचंही काम रेटत होता, आता त्याचीही कड सुटू लागली होती. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल. थेंब रोज घालायचे, बरं वाटलं तरी सोडायचे नाहीत. तेवढ्यानं दाब उतरला नाही तर ऑपरेशन.

ऐकता ऐकता धुरपताबाईला मोत्याचं तोंड आठवलं. त्या अवसेला त्याच्या मिशांना भाताची शितं होती.

घरात आणखी कुणाची नजर गेली होती का, असं मॅडमनी विचारलं.

"बाची गेली. बाभळीनं..." म्हणता म्हणता ती थांबली. पूर्ण मान वळवून तिनं लेकाकडे पाहिलं.

हे रक्तात उतरू शकतं, याचेही डोळे तपासू, मॅडम म्हणाल्या.

योगीराज हसला. "मला काय झालंय, माय? मला सगळं दिसतंय."

"मला बी दिसतच व्हतं, लेकरा."

तिनं उठून त्याला स्टूल दिलं. मॅडमनी दिवा मालवला. बटण वाजतं का, याकडे कान लावून ती अंधारात भिंतीला टेकून उभी राहिली.

पहिल्यांदा लगेच वाजलं. पुन्हा वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही.