नानांची मोजणी

नाना माणसं मोजायचे. लिफ्टमध्ये शिरलेली, हळदीकुंकवाला जमलेली, खैरानला समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यावर पाण्यात डुंबणारी पोरंटोरं, सगळी. मोजताना उजव्या हाताचं बोट छातीजवळ हळूच हलायचं, ओठ मिटलेले असायचे आणि शेवटी मान एकदा खाली जायची. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "लेका, हरवल्यावर बोंबलत फिरण्यापेक्षा आधी मोजलेलं काय वाईट?" कुवेतमधली आमची मराठी मंडळी त्यांच्याशिवाय सहल काढत नसत. बसचा ड्रायव्हरसुद्धा गाडी सुरू करण्याआधी आरशातून नानांकडे बघायचा.

हे वेड त्यांच्या कामातून आलेलं होतं. नाना मिरजेचे, आमच्या हॉस्पिटलातल्या ऑपरेशन थिएटरचे मुख्य ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. मी तिथेच भूल विभागात टेक्निशियन. ऑपरेशनच्या आधी चिमटे, सुया, रक्त टिपायचे कापडी मॉप मोजून आकडा फळ्यावर लिहायचा आणि पोट शिवण्याआधी सगळं पुन्हा मोजायचं, अशी पद्धत आहे. इजिप्शियन सर्जन हात थांबवून अरबीत विचारायचे, "नाना, तमाम?", म्हणजे सगळं बरोबर? नाना "तमाम, डॉक्टर" म्हणाले की मगच टाका पडायचा. एकदा एक सुई कमी भरली. सर्जन पाऊण तास ओरडत होते आणि नाना पाऊण तास शांतपणे "नाही" म्हणत होते. शेवटी सुई सर्जनच्याच बुटाच्या तळव्यात रुतलेली सापडली. नानांनी ती चिमट्याने काढली, ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "तमाम."

मी कुवेतला आलो तेव्हा पहिले आठ महिने त्यांच्या हवल्लीच्या फ्लॅटमध्ये राहिलो. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना कसा काढायचा इथपासून कुठल्या दुकानात तूरडाळ चांगली मिळते इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. मी आजारी पडलो की मुगाची खिचडी करून समोर बसायचे आणि ताट रिकामं होईपर्यंत उठायचे नाहीत. केरळची बिन्सी सिस्टर माझ्याच वर्षी आली. तिला तर त्यांनी हात धरून मोजायला शिकवलं. "बिन्सी, आँख से नहीं, हाथ से गिनो," असं त्यांचं मिरजकरी हिंदी आमच्या थिएटरात रोज ऐकू यायचं. ती त्यांची लाडकी होती, आणि याचा मला थोडा मत्सरही वाटायचा. काकू मुलीच्या शिक्षणासाठी मिरजेतच राहिल्या होत्या, त्यामुळे आम्ही दोघंच त्यांचं इथलं घर होतो म्हणायला हरकत नाही.

आफ्रिकेचा नाद त्यांना टीव्हीने लावला. जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सिंह-हत्ती बघत डबा खायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा त्यांनीच टुमणं लावलं, की इतकी वर्षं वाळू बघितली, एकदा तरी हिरवा प्राणिमुलूख बघू. मग आम्ही आठ जण बोट्सवानाला निघालो. नाना, मी, माझी बायको वैशाली, आमची दहा वर्षांची सई, बँकेतलं एक जोडपं आणि एक डॉक्टर जोडपं. पाच दिवस तंबूत मुक्काम, सकाळी जीप, दुपारनंतर बोट. वाटाड्या कागिसो नावाचा हसरा, धिप्पाड माणूस होता. पहिल्याच दिवशी नानांनी जीपच्या पायरीवर उभं राहून "आठ, तमाम" केलं आणि कागिसोला ते इतकं आवडलं की त्याने ते काम नानांवरच सोपवून टाकलं. तोही मग "तमाम, पापा?" असं विचारल्याशिवाय किल्ली फिरवेना.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोन बोटींतून एका बेटावर जेवायला गेलो. काठाला लव्हाळी, मागे उंच वारुळं आणि बाभळीसारखी झाडं. जेवण झालं, टोपल्या आवरल्या. बायका एकेक करून त्या वारुळांआड जाऊन येत होत्या. नाना काठावर उभे राहिले, त्यांचं बोट छातीजवळ हललं, मान खाली गेली. "आठ. तमाम." ते आमच्या बोटीत चढले आणि दोन्ही बोटी निघाल्या. वैशाली आमच्या बोटीत नव्हती. ती मैत्रिणींबरोबर दुसऱ्या बोटीत असेल असं मी धरून चाललो. दुसऱ्या बोटीतल्यांना वाटलं, ती नवऱ्याजवळ बसली असेल.

दहा मिनिटांनी पाणघोडे बघायला बोटी एकमेकींना लावल्या. सईने सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "व्हेअर इज आई?" नाना मात्र अगदी शांतपणे म्हणाले, "आहे की. आठ आहेत." त्यांनी आमच्यासमोर पुन्हा मोजलं. बोट सगळ्यांवरून फिरलं आणि आठ भरले. सई रडवेली होऊन म्हणाली, "नाना, यू काउंटेड मी ट्वाइस." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

आम्ही परत गेलो तेव्हा वैशाली एका वारुळावर उभी होती, चपला हातात घेऊन. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये हत्तींचा कळप पाणी प्यायला आला होता, दोन पिल्लांसकट. कागिसोने इंजिन बंद केलं आणि बोटाने गप्प राहायला सांगितलं. ती वीस मिनिटं आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक. हत्ती आपल्या सवडीने प्याले, पिल्लांना पुढे घालून निघून गेले आणि वैशाली खाली उतरली. बोटीत बसल्यावर तिने सईला घट्ट धरलं. मंडळी कागिसोवर तुटून पडली. नाना मध्ये उभे राहिले. "त्याला बोलू नका. मोजलं मी होतं."

सगळ्यांनी ते वयावर आणि उन्हावर घातलं. दुसऱ्या दिवशी जीपमधून निघताना नानांनी कुणालाच मोजलं नाही. सिंहीण दिसली, सगळे कॅमेरे सरसावले, आणि ते माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "हे पहिल्यांदा नाही रे." थिएटरात दोनदा आकडा चुकला होता. दोन्ही वेळा बिन्सीने "ब्रदर, परत मोजू?" म्हणून सावरून घेतलं होतं. घरी काकूंना ठाऊक नव्हतं. "दोन वर्षं राहिलीत. पोरगी मार्गी लागेल. तेवढी काढू दे मला. कुणाला बोलू नकोस." मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि "नाही बोलणार" म्हणालो. तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो.

कुवेतला परतल्यावर माझी झोप उडाली. भूल दिल्यावर मला पेशंटच्या उशाशी बसून यंत्रं बघायची असतात. मी यंत्रं सोडून नानांचं बोट बघायला लागलो. त्यांच्याबरोबर मनातल्या मनात मॉप मोजायचो, आकडा जुळला की श्वास सोडायचो. समोर झोपलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही, हे मनातून जायचं नाही. बिन्सीही तेच करत होती. आमची नजरानजर झाली की दोघंही खाली बघायचो. नाना मात्र पूर्वीसारखेच, इस्त्रीचे कपडे, वेळेआधी दहा मिनिटं हजर. एखाद्या दिवशी सगळं इतकं चोख व्हायचं की मलाच माझी लाज वाटायची.

महिन्याभराने एका बाईचं पोटाचं ऑपरेशन होतं. सर्जनने विचारलं, "नाना, तमाम?" नाना म्हणाले, "तमाम." सर्जनने सुईदोरा हातात घेतला. मी एकोणीस मॉप मोजले होते आणि फळ्यावर वीस होते. माझं तोंड उघडेना. खरं सांगायचं तर मी वाट बघत होतो, बिन्सी बोलेल म्हणून. आणि ती बोलली. "ब्रदर, परत मोजू?" मॉप पोटातच निघाला. सर्जन शिवू लागले. नाना फळ्यासमोर उभे होते, हातात खडू धरल्यासारखं मार्कर पेन धरून.

त्याच दुपारी मी थिएटरच्या मुख्य डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, बोट्सवानासकट. माझं नाव येऊ देऊ नका, एवढं वर म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून नानांना थिएटरातून काढून स्टोअरमध्ये बसवलं. मग तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो झाले आणि आजाराला नाव मिळालं, स्मृतिभ्रंश. हॉस्पिटलने त्यांना सन्मानाने निरोप दिला. त्या निरोपाच्या चहाला नाना सगळ्यांशी हात मिळवत फिरले. बिन्सी केकची बशी घेऊन पुढे झाली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. ती बशी घेऊन तशीच उभी राहिली. मी दोन पावलांवर होतो आणि मी काहीही केलं नाही.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. बॅगा आत गेल्यावर नाना म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं. मला स्वतःहून जमलं नसतं. पण बिन्सीने असं पाठीमागून करायला नको होतं. पोरीसारखी शिकवली होती तिला." मग माझा दंड धरून विचारलं, "तू नव्हतास ना?"

"नाही, नाना," मी म्हणालो.

त्यांनी दंड दाबला. "ठाऊक होतं मला," म्हणाले आणि आत गेले.

बिन्सीला मी हे कधी सांगितलं नाही. आम्ही अजून एकाच थिएटरात काम करतो. मुख्य सिस्टर आता तीच आहे. मॉप ती हाताने मोजते.

पुढच्या सुट्टीत मी मिरजेला गेलो. मनाशी ठरवूनच गेलो होतो. काकूंनी दार उघडलं, मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना खिडकीशी खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट, भांग व्यवस्थित. काकू आत चहा ठेवायला गेल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि एका दमात बोलून टाकलं. "नाना, बिन्सीने नाही सांगितलं. मी सांगितलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तिच्यावर राग ठेवू नका."

त्यांनी सगळं अगदी लक्ष देऊन ऐकलं. मधूनमधून मानही हलवली. माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी समोरची खुर्ची पुढे ओढली.

"बसा ना, उभे का?" ते म्हणाले. "बरं केलंत, आलात ते. नाना आले की सांगतो मी त्यांना."